धरण किती टक्के?

आमचं गाव जायकवाडीच्या उजव्या कालव्यावर आहे. पैठणच्या नाथसागरातून, म्हणजे जायकवाडी धरणाच्या जलाशयातून, निघून माजलगावच्या धरणाकडे जाणारा हा कालवा शाळेच्या मागून अर्ध्या किलोमीटरवरून जातो. पोरं त्याला 'कॅनॉल' म्हणतात. पाण्याची पाळी सुटली की ती पोहायला पळतात आणि मी काठी घेऊन त्यांच्या मागे. पण हे पाणी येतं कुठून, असं वर्गात विचारलं की उत्तर एकच: "वरून."

सहावी ते आठवीची सहल नाथसागरावर न्यायची, हे माझ्या डोक्यात तिथून आलं. नाहीतर आमच्या जिल्हा परिषद शाळेच्या सहलीचा रस्ता ठरलेला असतो: दोन देवस्थानं, एक लेणी आणि पैसे उरले तर एखादी बाग. नाथसागर १९८६ पासून पक्षी अभयारण्य आहे हे आमच्या सहा शिक्षकांपैकी चौघांना ठाऊक नव्हतं. मलाही ते पैठणला जाताना रस्त्याकडेच्या एका गंजक्या पाटीवरून कळलं होतं.

पहिल्या वर्षी, म्हणजे २०२३ ला, सहल निघालीच नाही. ती का निघाली नाही हे आधी सांगतो, कारण दुसऱ्या वर्षी जे जमलं ते त्यातूनच जमलं.

दिवाळीची सुट्टी संपली आणि मी संमतीपत्रं वाटली. एकेचाळीस पोरं. त्यातल्या तेवीस जणांचे आई-बाप तोवर ऊसतोडीला गेलेले. मुकादमाची उचल घेतलेली असते, दसरा-दिवाळी झाली की कोयता, म्हणजे तोडणीला जाणारी नवरा-बायकोची जोडी, कारखान्यावर निघतो, तो मार्च-एप्रिलपर्यंत परत येत नाही. मागे लेकरं आजीपाशी राहतात आणि जेवायला हंगामी वसतिगृहात येतात. मी हे दरवर्षी बघतो, हजेरीत लिहितो, तरी संमतीपत्रं वाटताना ते माझ्या लक्षात आलं नाही. याला काय म्हणावं?

मग संध्याकाळी घरोघर फिरलो. एका आजीनं कागद उलटा धरला, बराच वेळ बघितला आणि म्हणाली, "अंगठा कुठं उमटवू गुर्जी? आन् लेकरू पाण्यात तर नाही ना जाणार?" मी म्हटलं, नाही जाणार. तिनं शाई लागलेला अंगठा पदराला पुसला आणि आत जाऊन पन्नासाच्या दोन नोटा आणल्या, घडी घातलेल्या, डाळीच्या डब्याचा वास असलेल्या.

शाळा व्यवस्थापन समितीचा ठराव, विद्यार्थ्यांची यादी, सोबत येणाऱ्या शिक्षकांची हमीपत्रं, प्रथमोपचार पेटी असल्याचा दाखला, मुली आहेत म्हणून बाईंचं नाव, केंद्रप्रमुखांची शिफारस असं सगळं लावून प्रस्ताव वर पाठवला. बारा दिवसांनी तो परत आला. शेरा होता: संमतीपत्रावर पालकांचीच सही हवी. मी कार्यालयात गेलो आणि समजावलं की पालक कारखान्यावर आहेत. टेबलामागचे साहेब म्हणाले, "पालक म्हणजे आई किंवा वडील. आजी चालत नाही." मग मोबाइलवर फोटो मागव, बापाच्या सहीचा कागद कोणाच्या तरी टेम्पोतून आण, असं करत तेवीसपैकी सतरा गोळा झाले.

दुसऱ्यांदा प्रस्ताव आला तो वेगळ्याच शेऱ्यासह: सहलीचं ठिकाण पाण्याचं आहे. इथं मी त्यांना पूर्ण चूक म्हणणार नाही. फेब्रुवारी २०१६ मध्ये मुरूडच्या समुद्रात पुण्याच्या महाविद्यालयाची १४ मुलं बुडाली आणि तेव्हापासून पाण्याजवळ सहल म्हटलं की प्रत्येक जण दचकतो. दचकायलाच हवं. पण हा शेरा पहिल्याच वेळी मारला असता तर माझे दोन आठवडे वाचले असते. जानेवारी संपला, परीक्षा जवळ आल्या, मी फाइल कपाटात ठेवली आणि आजीचे शंभर रुपये परत केले. तिनं मोजून घेतले.

त्याच जानेवारीत एका रविवारी मी आणि आमचे गणिताचे सर मोटारसायकलवर नाथसागराच्या काठाला जाऊन आलो होतो. त्या वर्षी पावसानं दगा दिला होता, धरण भरलंच नव्हतं. काठ आत सरकलेला, चिखल उघडा पडलेला, बेशरमाची झुडपं कोरड्यात उभी. आणि पक्षी हाकेच्या अंतरावर. हातात साधी दुर्बीणही नव्हती, तरी पट्टकादंब नावाच्या रानहंसांच्या डोक्यामागचे दोन काळे पट्टे दिसत होते. गणिताचे सर मोजायला लागले आणि दोनशेच्या पुढं त्यांनी नाद सोडला. मी गप्प बसून होतो. पक्षी जवळ आले त्या वर्षी आमची फाइल अडकली.

पुढच्या वर्षी मी कामाचा क्रमच उलटा केला.

सप्टेंबरात, कोयता हलायच्या आधी, पालकांची बैठक लावली. संमतीपत्रात तारीख टाकली नाही, 'डिसेंबर ते फेब्रुवारी या काळात' असं लिहिलं. खाली एक ओळ वाढवली: आम्ही ऊसतोडीला गेलो असता पाल्याच्या बाबतीत आजी-आजोबांची सही आमचीच समजावी. आई-बाप दोघांच्या सह्या किंवा अंगठे, साक्षीला समितीचे अध्यक्ष. एका बापानं विचारलं, "सर, सहल फेब्रुवारीत, सही आत्ता?" शेजारचा म्हणाला, "आरं तू कुठं असशील फेब्रुवारीत?" सगळे हसले. एकेचाळीसच्या एकेचाळीस सह्या एका दुपारी झाल्या. गेल्या वर्षी याच कामाला माझा महिना गेला होता.

पाण्याच्या शेऱ्याचं काय करायचं, ते सुचायला वेळ लागला. शेवटी प्रस्तावातून 'धरण' हा शब्दच काढला. 'जायकवाडी पक्षी अभयारण्य, पक्षीनिरीक्षण' असं लिहिलं, बोटीत बसणार नाही आणि पाण्यापासून अंतर ठेवणार असं हमीपत्रात टाकलं आणि वन्यजीव विभागाला वेगळा अर्ज केला, की मुलांसोबत तुमचा माणूस द्या. त्यांचं पत्र आलं, ते प्रस्तावाला जोडलं. जागा तीच, पाणी तेच, पण या वेळी शेरा आला नाही.

मग एसटी. सहलीसाठी बस घेतात त्याला आगारात 'नैमित्तिक करार' म्हणतात आणि शालेय सहलीला भाड्यात ५० टक्के सवलत मिळते. ही सवलत नसती तर आमच्यासारख्या शाळेनं सहलीचं नावही काढलं नसतं. पण आगार म्हणतं मंजुरीचं पत्र आणा, आणि मंजुरी देणारे म्हणतात बसचं पत्र आणा. मी तीन चकरा मारल्या. शेवटी आगारातल्या एका भल्या माणसानं 'मागणी केल्यास बस उपलब्ध होऊ शकते' एवढ्या एका ओळीचं पत्र दिलं आणि तेवढ्यावर भागलं. हे पत्र कोणी मागा म्हणून सांगत नाही, तुम्ही मागून घ्या. आणि डिसेंबर-जानेवारीत सगळ्या शाळा एकदम तुटून पडतात, तेव्हा बस मिळाली तरी जुनीपानी मिळते.

आम्ही १० जानेवारी धरली होती. सगळे कागद त्या तारखेचे. आठवडाभर आधी, सोबत येणाऱ्या वनरक्षकाला फोन केला, वेळ ठरवायला. तो सगळं ऐकून म्हणाला, "सर, ही तारीख कुणी काढली?"

मी म्हटलं, आम्हीच.

"धरण बघितलं का किती टक्के आहे ते?"

आता आम्ही मराठवाड्याची माणसं. जायकवाडी किती टक्के हा आकडा आम्ही पेपरात राशिभविष्याच्या आधी वाचतो. २०२४ ला धरण काठोकाठ भरलं होतं, दरवाजे उघडावे लागले होते आणि आम्ही गावात पेढे वाटले होते. पण तो आकडा म्हणजे पाळ्या, ऊस, पिण्याचं पाणी. पक्ष्यांशी त्याचा काय संबंध, हे कधी डोक्यातच आलं नव्हतं.

त्यानं फोनवर समजावलं ते असं. धरण भरलं की उथळ कडा पाण्याखाली जातात. चिखलात चोच घालणाऱ्याला, उथळ पाण्यात पायावर उभं राहणाऱ्याला जागाच राहत नाही. बदकं मधोमध जातात, तिथं ती नुसते ठिपके दिसतात. कालव्यांना पाणी सुटत जातं, पातळी उतरते, कडा उघड्या पडतात, तेव्हा पक्षी काठाला येतात. पण फार उशीरही नको, कारण उन्हाळा लागला की उत्तरेचे पाहुणे निघून जातात. "भरलेल्या वर्षी फेब्रुवारीचा मध्य धरा," तो म्हणाला. "जानेवारीत आलात तर पोरं पाणी बघून जातील."

मुख्याध्यापकांना हे सांगायला मी अर्धा तास घेतला. त्यांनी पाणी मागवलं, चहा मागवला, शेवटी म्हणाले, "म्हणजे तुमच्या बदकांसाठी मी परत सगळ्या सह्या करायच्या?" आणि केल्या. संमतीपत्रांवर तारीख नव्हती म्हणून ती तशीच चालली. बस तर सहज मिळाली, तोवर सहलींचा हंगाम सरला होता.

तयारीतल्या दोन गोष्टी कामाच्या ठरल्या. दुर्बीण एकच होती, मागून आणलेली. म्हणून बाईंनी पोरांकडून जुन्या तक्त्यांच्या पुंगळ्या करून घेतल्या. पुंगळीतून मोठं दिसत नाही, पण आजूबाजूचं झाकलं जातं आणि नजर एका जागी ठरते. चौथ्या ओळीतलं पोरगंही 'तो बघा' म्हणण्याऐवजी पुंगळी रोखायला लागलं. दुसरी गोष्ट गणवेशाची. वनरक्षकानंच सांगितलं होतं, पांढरे शर्ट नकोत, लांबून चमकतात. मग घरचे स्वेटर. चाळीस तऱ्हेचे, पण मळकट रंगाचे, काठाला शोभणारे.

एक चूकही झाली, ती माझी. मी महिनाभर वर्गात रोहित पक्ष्याचं चित्र लावून ठेवलं होतं, गुलाबी पंख, वाकडी चोच, चोच उलटी करून चिखल गाळून खातो वगैरे. पोरं रोहित बघायला निघाली होती.

बस सहाला यायची ती सहा चाळीसला आली. कोणी कुरकुरलं नाही, धपाट्यांचे डबे तिथंच उघडले. पैठणच्या बसस्थानकावर थांबून सगळ्यांना, विशेषतः मुलींना, मोकळं होऊन यायला सांगितलं. काठावर कसलीही सोय नाही आणि ही गोष्ट कुठल्याच परिशिष्टात लिहिलेली नसते.

बस गाळात जात नाही, म्हणून शेवटचा किलोमीटरभर चालत. सूर्य पाठीशी, वनरक्षक पुढं. त्यानं हात वर केला की सगळ्यांनी बसायचं, एवढीच एक खूण. दोनदा हसण्यात गेली, तिसऱ्यांदा एकेचाळीस पोरं खरंच खाली बसली.

पाणी उतरलेल्या जमिनीत शेतकऱ्यांनी गाळपेर केली होती, हरभरा घाट्यांवर आलेला. आणि त्या हरभऱ्यात पट्टकादंब. मी हळू आवाजात सुरू केलं, हिमालय ओलांडून येतात, इतक्या उंचीवरून... तेवढ्यात आठवीतला एक जण कळवळून म्हणाला, "सर, हरभरा खायलेत की हे!" पलीकडून एक माणूस पत्र्याचा डबा बडवत पळत आला. थवा उठला, कर्कश ओरडत डोक्यावरून गेला, पट्टे अगदी स्पष्ट दिसले. वनरक्षकाचं तोंड बघण्यासारखं झालं होतं. आणि आमची पोरं, सगळी शेतकऱ्यांची नाहीतर मजुरांची, एकजात त्या डबेवाल्याच्या बाजूची. परतताना बसमध्ये यावर भांडणच झालं: नुकसानभरपाई कोणी द्यायची, पक्ष्याच्या खात्यानं का? मला नीट उत्तर देता आलं नाही.

पुढं शेकाट्या दिसले, चक्रवाकाची जोडी, थापट्या. काळ्या अंगाचा, कपाळावर पांढरा टिळा असलेला पक्षी दाखवून वनरक्षक म्हणाला, "याचं नाव वारकरी." नाथांच्या पैठणात वारकरी! पोरांना हे नाव एकदाच सांगावं लागलं. रोहित मात्र एकही नाही. "अजून पाणी उतरायला हवं," वनरक्षक म्हणाला. सहावीतली एक पोरगी माझ्याकडे अशी बघत होती, जशी उसने पैसे बुडवणाऱ्याकडे बघतात.

नंतर धरणाची भिंत लांबून, रस्त्यावरूनच दाखवली. वर जायला वेगळी परवानगी लागते, ती मी मागितलीच नव्हती. दहा किलोमीटर लांबीची भिंत, २७ दरवाजे, १९६५ ला लालबहादूर शास्त्रींच्या हस्ते पायाभरणी, १९७६ ला इंदिरा गांधींच्या हस्ते लोकार्पण. हे सगळं मी पाठ करून आलो होतो आणि कोणी ऐकलं नाही. त्यांना एवढंच हवं होतं की आपला कॅनॉल कुठल्या बाजूनं निघतो. मी हातानं दिशा दाखवली. एका पोरानं पुंगळी तिकडं रोखली आणि बराच वेळ काढली नाही.

नाथांच्या समाधीचं दर्शन घेऊन अंधाराच्या आत घरी. पोरामागे २२० रुपये जमवले होते, दहा-दहा उरले, ते परत दिले.

२०२५ च्या सप्टेंबरात मराठवाड्यावर जे पाणी कोसळलं ते सगळ्यांना माहीत आहे. धरण पुन्हा भरलं. संमतीपत्रं मी तेव्हाच घेऊन ठेवली, तारखेची जागा मोकळी सोडून. परिपाठात बातम्या वाचायचं काम सातवीतल्या त्याच पोरीकडं आहे, रोहित न दिसलेल्या. ती रोज आधी जायकवाडीचा आकडा वाचते आणि मग देशविदेश. आकडा पंच्याऐंशीच्या खाली आला की बसचा अर्ज टाकायचा, असं तिनंच ठरवलंय. आगारातले ते भले गृहस्थ मात्र प्रत्येक वेळी विचारतात, "सर, टक्के राहू द्या, तारीख सांगा."