तुम्ही विचारलंत म्हणून : कुत्र्याविरुद्ध तक्रार आलीय, आता काय?

"ताई, आमच्या कुत्र्याविरुद्ध लेखी तक्रार झालीय. त्याला उचलून नेतील का?" नाशिकमध्ये कुत्र्यांना आणि त्यांच्या घरच्यांना शिकवण्याचं काम करताना हा प्रश्न मला वारंवार येतो. कधी इंदिरानगरच्या रो-हाऊसमधून, कधी गंगापूर रोडच्या सोसायटीतून, कधी मखमलाबादच्या मळ्यातून. विचारणारा घाबरलेला असतो, आणि त्याचं पुढचं वाक्य बहुतेक हेच असतं : "आमचा तसा नाहीये हो."

आधी भीतीबद्दल. नुसत्या तक्रारीवरून पाळीव कुत्र्याला घरातून नेऊन मारत नाहीत. ही धास्ती बरीचशी बाहेरच्या देशांबद्दलचं वाचून येते. ब्रिटनमध्ये १९९१ पासून धोकादायक कुत्र्यांसाठी वेगळा कायदा आहे. काही जाती पाळायलाच तिथे बंदी आहे आणि न्यायालय कुत्र्याला मारण्याचा हुकूमही देऊ शकतं. आपल्याकडे असा स्वतंत्र कायदा नाही. मार्च २०२४ मध्ये केंद्र सरकारने पिटबुल, रॉटवायलर अशा २३ जातींना परवाने देऊ नयेत असं पत्र राज्यांना पाठवलं होतं, ते कर्नाटक उच्च न्यायालयाने एप्रिलमध्ये रद्द केलं. आणि २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाचे जे आदेश गाजले, ते रस्त्यावरच्या कुत्र्यांबद्दल होते. पट्टा, लसीचं कार्ड आणि घर असलेल्या कुत्र्याला ते लावून कोणी घाबरवत असेल, तर घाबरू नका.

मग आपल्याकडे आहे काय? भारतीय न्याय संहितेचं २९१ कलम. जुन्या दंडविधानात ते २८९ होतं. आपल्या ताब्यातल्या प्राण्यापासून माणसाच्या जिवाला किंवा गंभीर दुखापतीचा धोका संभवत असताना, जाणूनबुजून किंवा निष्काळजीपणाने पुरेशी काळजी न घेणाऱ्याला सहा महिन्यांपर्यंत कैद, पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. हे कलम दखलपात्र आहे, म्हणजे पोलीस थेट एफआयआर नोंदवू शकतात. जामीनपात्रही आहे. आता कलम पुन्हा नीट वाचा. कुत्रा प्रेमळ आहे का, लेकरांशी खेळतो का, हे त्यात कुठेच विचारलेलं नाही. मालकाने काय काळजी घेतली, एवढंच विचारलंय.

म्हणूनच "आमचा तसा नाहीये" हे उत्तर मी लोकांना सोडायला लावते. ते खरं असलं तरी विचारलेल्या प्रश्नाचं ते उत्तर नाही. आणि ज्याच्या पोटरीला टाके पडलेत, त्याच्या कानाला ते वाक्य "चूक तुमचीच असणार" असं लागतं. मुंबईत वरळीच्या एका इमारतीत २०१८ साली लिफ्टमध्ये हस्की जातीच्या कुत्र्याने एका रहिवाशाला चावा घेतला होता. आपला मुलगा कुत्र्याला घाबरतो, असं त्या रहिवाशाने सांगितल्यावरही मालक कुत्र्याला घेऊन आत शिरला, असं त्या खटल्यात पुढे आलं. मे २०२५ मध्ये त्याला चार महिन्यांची शिक्षा झाली. लिफ्ट एकदा खाली जाऊन परत येईपर्यंत थांबणं, एवढीच ती काळजी होती.

तर कागद हातात पडला की वकील शोधण्याआधी, पशुवैद्याला फोन करण्याआधी, ज्याला चावलं आहे त्याच्याकडे जा. कुत्र्याला न घेता. जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने १५ मिनिटं धुतली का, ते विचारा. अजूनही लोक हळद, तिखट, चुना भरतात, तसं केलं असेल तर पुन्हा धुवायला लावा. त्र्यंबक नाक्याच्या जिल्हा रुग्णालयात लस मोफत मिळते. त्वचेत दिल्या जाणाऱ्या लसीचे दिवस ०, ३, ७ आणि २८ असे असतात, आणि दात आत रुतून रक्त आलं असेल तर जखमेभोवती इम्युनोग्लोब्युलिनही, म्हणजे रेबीजविरुद्धच्या तयार प्रतिपिंडांचं इंजेक्शनही, द्यावं लागतं. "आमच्या कुत्र्याला लस दिलेली आहे, तुम्हाला गरज नाही" असं कोणालाही, कधीही सांगू नका. तो निर्णय डॉक्टरांचा. रेबीजची लक्षणं एकदा दिसू लागली की माणूस जवळजवळ कधीच वाचत नाही. आपल्या कुत्र्यावरच्या विश्वासापोटी दुसऱ्याचा जीव पणाला लावायचा अधिकार आपल्याला नाही.

मळ्यांबद्दल मला इथे जरा थांबून बोलायचं आहे. बिबट्याच्या भीतीने आडगाव, मखमलाबाद, दिंडोरीकडच्या वस्त्यांवर कुत्री रात्री मोकळी सोडतात. ते मी समजू शकते. पण द्राक्षाच्या हंगामात पेठ, सुरगाण्याकडून छाटणीला, खुडणीला माणसं येतात, मळ्यातच झोपड्या टाकून राहतात, आणि पहाटे उजाडायच्या आत बाहेर पडणाऱ्या बाईच्या अंगावर तोच कुत्रा धावून जातो. ती तक्रार करत नाही. पोलीस ठाण्यात कोण जाणार, मुकादम काय म्हणेल, रोज बुडेल. मालक पाचशेची नोट देतो आणि विषय मिटला असं समजतो. पण लसीसाठी चार वेळा रुग्णालयात जायचं म्हणजे चार दिवसांची मजुरी आणि येण्याजाण्याचं भाडं. तिसऱ्या खेपेला ती जात नाही. त्या बाईने अर्ज लिहिला नाही म्हणून तिचं दुखणं कमी होत नाही. मळेवाल्यांना मी स्पष्ट सांगते : गाडी काढा, चारही तारखांना स्वतः नेऊन आणा, बुडालेला रोज द्या, आणि मजूर मळ्यात असेपर्यंत कुत्रा तारेच्या कुंपणात ठेवा. सोसायटीतल्या शिकलेल्या शेजाऱ्याला जी वागणूक देता, त्यापेक्षा एक कणही कमी नको.

दुसरी गोष्ट, कुत्र्याला गावाकडे पाठवू नका. चावा झाला की घरातला कोणीतरी वडीलधारा हेच सुचवतो, "काही दिवस सिन्नरला मामाकडे ठेवू." चावल्यानंतर दहा दिवस कुत्र्यावर नजर ठेवावी लागते. तो दहा दिवसांनंतरही जिवंत आणि ठणठणीत असेल, तर चावताना त्याच्या लाळेत रेबीजचा विषाणू नव्हता असं धरतात आणि डॉक्टर त्यावरून पुढच्या लसींचं ठरवतात. कुत्राच गायब झाला तर समोरच्याचा हा आधार जातो. पोलिसांच्या नजरेत ती लपवाछपवी ठरते, आणि मामाकडची मुलं त्या कुत्र्याला ओळखत नसतात, ते वेगळंच. त्याला घरातच, बंद दाराआड ठेवा. पहिल्या आणि दहाव्या दिवशी पशुवैद्याकडून तपासून लेखी घ्या. दहाव्या दिवसाचा कागद चावलेल्या माणसाच्या हातात स्वतः नेऊन द्या. ताणलेली कितीतरी प्रकरणं या एका कागदाने सैल होताना मी पाहिली आहेत.

पशुवैद्याकडे गेल्यावर फक्त लसीचं कार्ड भरून परत येऊ नका. आजवर शांत असलेला कुत्रा अचानक चावला तर आधी दुखणं शोधायचं असतं. कानातला संसर्ग, किडलेला दात, लॅब्रेडॉर किंवा जर्मन शेफर्डच्या खुब्याचा सांधा, थायरॉइडची कमतरता. खुबा दुखणाऱ्या कुत्र्याच्या पाठीवर शेजारच्या मुलाने प्रेमाने हात टाकला की तो वळून चावतो, आणि अर्जात लिहिलं जातं, "विनाकारण हल्ला केला." मुलाच्या दृष्टीने ते खरंच विनाकारण असतं. कारण शोधायचं काम आपलं.

आणि गुरगुरण्याबद्दल मारू नका. कुत्रा ओठ चाटतो, जांभई देतो, मान फिरवून डोळ्यांचा पांढरा भाग दाखवतो, अंग ताठ करून थिजतो, मग गुरगुरतो, आणि यातलं काहीच कोणी ऐकलं नाही तर चावतो. गुरगुरला म्हणून चपलेने बडवलेला कुत्रा गुरगुरणं बंद करतो आणि थेट चावायला शिकतो. चावा किती गंभीर हेही मोजता येतं. इयान डनबर या पशुवैद्याने त्यासाठी सहा पायऱ्या लावून दिल्या आहेत. दात त्वचेला लागलेच नाहीत ही पहिली, एकाच चाव्याचे उथळ वळ आणि छिद्रं ही तिसरी, जीव गेला ही सहावी. तिसरीपर्यंतच्या कुत्र्याबरोबर काम करता येतं, चौथीपासून पुढे फार जपून बोलावं लागतं. तुमच्या तक्रारीतला चावा कोणत्या पायरीवरचा आहे, हे जखमेच्या फोटोवरून आणि रुग्णालयाच्या कागदावरून जाणकाराकडून लिहून घ्या. "किरकोळ ओरखडा" आणि "लचका तोडला" या दोन टोकांच्या मधे कुठेतरी सत्य असतं, आणि ते कागदावर असलेलं दोघांच्याही हिताचं.

आता कागदाचं. तो कोणाकडून आलाय ते पाहा, कारण प्रत्येकाचं उत्तर वेगळं. सोसायटीचं पत्र असेल तर चेअरमन-सेक्रेटरींना लेखी उत्तर. महापालिकेच्या पशुसंवर्धन विभागाचं असेल तर श्वान परवाना आणि रेबीज लसीची नोंद घेऊन जायचं. परवाना काढलेला नसेल तर तो त्याच आठवड्यात काढा. पोलिसांकडून हजर राहण्याची नोटीस असेल तर त्या तारखेला जायचंच, आणि एफआयआर झाला असेल तर वकिलाला घेऊन. २९१ कलम आपसात मिटवता येणाऱ्या गुन्ह्यांच्या यादीत नाही, त्यामुळे समोरचा नंतर राजी झाला तरी गुन्हा रद्द करून घ्यायला उच्च न्यायालयात जावं लागतं. म्हणून समेट एफआयआरच्या आधी होण्यात फार फरक आहे.

चौथा प्रकार क्वचित येतो, पण सर्वांत गंभीर तोच. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या (जुनी फौजदारी प्रक्रिया संहिता) १५२ कलमाखाली कार्यकारी दंडाधिकारी धोकादायक प्राण्याला कोंडून ठेवण्याचा, अन्यत्र हलवण्याचा, अगदी नष्ट करण्याचाही सशर्त हुकूम काढू शकतात. सशर्त म्हणजे, सांगितलं ते करा किंवा अमुक तारखेला येऊन हा हुकूम कायम का करू नये ते सांगा. ती तारीख चुकली तर तुमचं म्हणणं ऐकायला कोणी बांधील राहत नाही.

उत्तरात काय लिहायचं? लोक मला तीन पानांची उत्तरं दाखवतात. कुत्र्याचा जन्म, त्याचे गुण, तक्रारदाराच्या मुलाने मारलेले दगड, पार्किंगचं जुनं भांडण. हे सगळं काढून टाका. मी साधारण असं लिहायला सांगते : "अमुक तारखेच्या घटनेबद्दल आम्हाला मनापासून वाईट वाटतं. उपचारांचा खर्च आम्ही करत आहोत. त्या दिवसापासून आमचा कुत्रा आखूड पट्टा आणि जाळीच्या मझलशिवाय (तोंडाला लावायच्या मुसक्याशिवाय) दाराबाहेर येत नाही. मुलं जिन्यात असतात त्या वेळी, सकाळी सात ते आठ आणि संध्याकाळी पाच ते आठ, आम्ही त्याला खाली नेत नाही. मुख्य दाराच्या आत दुसरं जाळीचं दार बसवलं आहे. पशुवैद्याची तपासणी आणि लसीची नोंद सोबत जोडली आहे." पोलीस प्रकरण असेल तर सही करण्याआधी वकिलाला दाखवा. त्यातलं प्रत्येक वाक्य खरं असलं पाहिजे. जाळीचं दार बसवलं नसेल तर आधी सुताराला बोलवा, मग लिहा.

मझल जाळीचंच घ्या, तोंड आवळणारं कापडी नको. त्यात कुत्र्याला धापा टाकता येत नाहीत आणि नाशिकच्या एप्रिलमध्ये ते जिवावर बेतू शकतं. एका दिवसात चढवू नका, आत खाऊ ठेवून आठ-पंधरा दिवसांत सवय लावा. रो-हाऊसवाल्यांनी बेल आणि पार्सलची पेटी फाटकाबाहेर काढावी. "कुत्र्यापासून सावध रहा" या पाटीने जबाबदारी संपते असं समजू नका. कुरियरवाला अनोळखी असतो, घाईत असतो, आणि पाटी लावली याचा अर्थ धोका तुम्हाला आधीपासून माहीत होता असाही निघतो.

तक्रार खोटी असेल तर? असते कधी कधी. चावलेला कुत्रा गल्लीतला असतो, किंवा तक्रार खरं तर भुंकण्याची असते. तेव्हाही आवाज चढवू नका. सोसायटीच्या कॅमेऱ्याचं चित्रण त्याच दिवशी लेखी मागा, कारण काही दिवसांनी ते पुसलं जातं. घटनेची वेळ आणि उपचाराचा कागद नम्रपणे मागा. व्हॉट्सअॅप ग्रुपवर एक अक्षर लिहू नका. आणि सभेत ठराव करून "कुत्रा काढा" म्हणाले तर भारतीय जीवजंतु कल्याण मंडळाचं २०१५ चं परिपत्रक तुमच्या बाजूने आहे : बहुमताने ठराव केला तरी सोसायटीला पाळीव प्राण्यांवर बंदी घालता येत नाही. पण हे परिपत्रक फाईलमध्ये शेवटी ठेवा. पहिल्याच बैठकीत ते टेबलावर आपटलं की ज्या बाईचं लेकरू घाबरलंय तिच्याशी बोलायची वाट बंद होते.

काही कुत्र्यांच्या बाबतीत हे सगळं पुरत नाही. पुन्हा पुन्हा खोल चावे घेणारा, घरच्यांनाही आवरत नसलेला कुत्रा असेल तर पशुवैद्याबरोबर बसून अवघड निर्णय घ्यावा लागतो, आणि तो घेणाऱ्या घराला मी कधीही दोष देणार नाही. पण चाव्यांचा इतिहास लपवून दुसऱ्याला देणं, किंवा गंगापूर धरणाच्या बाजूला रात्री गाडीतून उतरवून निघून येणं, हे नाही. प्राण्याला असं वाऱ्यावर सोडणं हा १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याखाली गुन्हा आहे. तो ज्या वस्तीत भुकेला फिरेल तिथल्या मुलांचा विचार करा, आणि त्याचाही.

पोलीस ठाण्यात किंवा दंडाधिकाऱ्यांपुढे जाल तेव्हा कुत्र्याला घरीच ठेवा. तो किती शहाणा आहे हे दाखवायला बरेच जण घेऊन येतात, आणि गर्दीत, अनोळखी वासांत, तासभर ताटकळून तो भुंकतोच. फाईल न्या : परवाना, लसीचं कार्ड, पहिल्या आणि दहाव्या दिवसाची तपासणी, दुसऱ्या दाराचे आणि मझलचे फोटो, उपचारांच्या खर्चाच्या पावत्या. प्रत्येकाच्या दोन झेरॉक्स. एक देऊन पोच घ्या, दुसरी स्वतःकडे ठेवा.