सांगूनही जे निघाले नाहीत, त्यांना मदत का द्यायची?

सीना नदीला 2025 च्या सप्टेंबरमध्ये आलेल्या पुरानंतर सोलापुरात मी लग्नाच्या पंगतीला बसलो काय किंवा सकाळी फिरायला निघालो काय, महसूल खात्यातून निवृत्त झालेला माणूस म्हणून एक प्रश्न मला हमखास विचारला जातो. घर सोडा, असे प्रशासनाने आधी सांगितले होते. तरीही जे हटून बसले, त्यांच्यासाठी बोटी पाठवायच्या, जवानांचे जीव धोक्यात घालायचे आणि वर नुकसानीचे पैसेही द्यायचे, हे सगळे आमच्या करातून का? विचारणारे बहुधा भले लोक असतात. त्यांतल्या अनेकांनी पूरग्रस्तांसाठी स्वतः शिधा आणि चादरी दिलेल्या असतात, त्यामुळे त्यांचा प्रश्न निर्दयपणाचा म्हणून उडवून लावणे बरोबर होणार नाही. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी पैशांचे पाहू, कारण राग बहुतेक त्याचाच असतो. राज्य आपत्ती प्रतिसाद निधीच्या 2022 ते 2026 या काळासाठी ठरलेल्या निकषांनुसार पिकाचे नुकसान 33 टक्के किंवा त्याहून जास्त असेल, तर कोरडवाहू पिकाला हेक्टरी 8,500 रुपये, बागायती पिकाला 17,000 आणि बहुवार्षिक पिकाला 22,500 रुपये मिळतात. जमीनच खरडून वाहून गेली तर हेक्टरी 47,000 रुपये, सपाट भागातले पक्के घर पूर्ण पडले तर 1 लाख 20 हजार, दुधाळ म्हैस किंवा गाय वाहून गेली तर 37,500 आणि माणूस गेला तर वारसांना 4 लाख रुपये. आता ही यादी हातात घेऊन स्वतःला विचारा, की तो माणूस सांगितल्याबरोबर निघून गेला असता तर यातले काय वाचले असते? उभा ऊस आणि सोयाबीन मालक घरात थांबला म्हणून बुडत नाही, आणि जमीन खरडताना नदी वस्तीवर कोणी आहे का हे पाहत नाही. जनावरांच्या बाबतीत तर हिशेब उलटा होतो, कारण रात्रभर कमरेएवढ्या पाण्यात उभे राहून ज्याने दोन म्हशी उंचावर नेऊन बांधल्या, त्याने सरकारचे पाऊण लाख रुपये वाचवलेले असतात. ते कोणी त्याच्या नावावर जमा धरत नाही. उरतात ते 4 लाख. ते थांबलेल्याला मिळतच नाहीत. ते मिळतात त्याच्या बायकोला आणि मुलांना, ज्यांना त्याने बहुधा आदल्या संध्याकाळीच गावातल्या शाळेत पाठवून दिलेले असते. म्हणजे आदेश मोडला म्हणून मदत कापायची ठरवली, तर मोडणाऱ्याची चूक पाळणाऱ्यांच्या खात्यातून वसूल होणार.

सुटकेचे मात्र तसे नाही, आणि प्रश्न विचारणाऱ्यांचे म्हणणे इथे मला बरेचसे पटते. बोटीचा खरा खर्च डिझेलचा नसतो. पुराच्या पाण्याखाली काटेरी तारेची कुंपणे असतात, बाभळींचे शेंडे असतात, विजेच्या खांबांचे ताण असतात, आणि अंधारात यातले काहीही बोट चालवणाऱ्याला दिसत नाही. एका वस्तीवर अडलेल्या दोन माणसांसाठी गेलेली बोट त्या वेळी दुसऱ्या वस्तीवर नसते. सांगली जिल्ह्यातल्या पलूस तालुक्यात ब्रह्मनाळ येथे 8 ऑगस्ट 2019 रोजी पुरातून बाहेर पडणाऱ्या गावकऱ्यांची बोट उलटली आणि त्यात स्त्रिया, मुले धरून दहाहून अधिक माणसे बुडाली. शेवटच्या घटकेला, चढत्या पाण्यातून निघणे किती महागात पडते, हे त्यानंतर कोणाला वेगळे सांगायची गरज नसावी.

अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलायना राज्यात यावर एक उपाय कायद्यातच आहे: आणीबाणीतला इशारा मुद्दाम धुडकावून जो स्वतःला किंवा इतरांना संकटात घालतो, त्याच्याकडून सुटकेचा खर्च वसूल करता येतो. त्याच देशात काही ठिकाणच्या अधिकाऱ्यांनी वादळापूर्वी, न निघणाऱ्यांना आपले नाव आणि ओळख क्रमांक मार्करने दंडावर लिहून ठेवायला सांगितले आहे, म्हणजे नंतर ओळख पटवायला अडचण नको. ऐकायला हे फार उद्धट वाटते. तरी मला बिल पाठवण्यापेक्षा ते जास्त सरळ वाटते, कारण त्यात माणसाला खरी परिस्थिती सांगितलेली असते. बिलाची भीती आपल्याकडे कोणाला वाटेल? ज्याच्याकडे चारचाकी आहे आणि शहरात फ्लॅट आहे तो मुळात अडकत नाही. अडकतो तो सोसायटीचे कर्ज थकलेला माणूस, आणि डोक्यावर आणखी एक बाकी नको म्हणून तो फोन करायला तासभर उशीर करील. पुरात तो एक तास सगळ्यांनाच भोवतो, बोटीतल्या जवानांनाही. म्हणून माझे म्हणणे असे, की बिल नको, पण स्पष्ट बोलणे हवे: दिवस मावळल्यावर बोट येणार नाही, पहाटेपर्यंत तुमचे तुम्ही. अशी सुटका काही काळ थांबवणे हा जवानांचा हक्क आहे. ती नाकारणे मात्र कोणाच्याच हक्कात बसत नाही.

आता लोक का थांबतात, याकडे वळतो, कारण ‘हटून बसले’ हे म्हणणे सोलापुरातल्या खुर्चीवरून करणे सोपे आहे. भीमेकाठच्या लोकांना पुराची सवय आहे. उजनीतून आणि नीरा खोऱ्यातल्या वीर धरणातून पाणी सुटले की पंढरपुरात व्यासनारायण झोपडपट्टीतल्या लोकांना हलवायचे, हे तिथे सगळ्यांना पाठ झालेले आहे. सीनेचे तसे नव्हते. सीनेकाठी आम्ही टंचाईचे आराखडे केले, टँकरच्या खेपा मोजल्या, चारा छावण्यांची बिले तपासली; ही नदी गावात शिरेल, ही कल्पना म्हाताऱ्यांच्या सुद्धा आठवणीत नव्हती. त्यातून पाऊस पडत होता वरच्या अंगाला, अहिल्यानगर, बीड आणि धाराशिव जिल्ह्यांत, आणि सीना कोळेगाव, चांदणी, खासापुरी या धरणांतले पाणी खाली येत होते. माढा आणि मोहोळ तालुक्यांतल्या माणसाने आपल्या डोक्यावरचे आभाळ पाहून अंदाज बांधला, तर तो चुकणारच होता. पुढे लांबोटीजवळ सोलापूर-पुणे महामार्ग बंद पडला, तेव्हा शहराला पूर समजला.

इशाराही कसा दिला जातो ते पाहा. नदीपात्रात इतके हजार क्युसेक विसर्ग, असा निरोप मोबाइलवर येतो. क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट पाणी, हे पाटबंधारे खात्याला ठाऊक आहे. वस्तीवरच्या माणसाला ‘पाणी मारुतीच्या पारापर्यंत येईल’ असे सांगितले तरच कळते. दवंडी गावठाणात फिरते, पण या जिल्ह्यात निम्मे गाव मळ्यात, वस्तीवर राहते, आणि वीज गेल्यावर दुसऱ्या दिवशी मोबाइलही बंद पडलेला असतो.

नोकरीत असताना एका पुराच्या वेळी एका वस्तीवर मी ट्रॅक्टर घेऊन गेलो होतो. घरातल्या बाईंनी सासूला आणि दोन्ही पोरांना ट्रॉलीत बसवले, भांड्यांचे गाठोडे वर फेकले, आणि स्वतः मात्र गोठ्याच्या दारात उभ्या राहिल्या. म्हैस गाभण होती, दिवस भरत आले होते, आणि तिच्या कासेला हात लावून त्या म्हणाल्या, “साहेब, हिला कुठं बांधू तेवढं सांगा, मी ह्या पावली निघते.” माझ्या हातातल्या यादीत शाळेच्या खोल्या होत्या, तांदूळ-डाळ होती, आरोग्यसेविकेचे नाव होते. जनावरांसाठी जागा नव्हती. तशी सूचनाच वरून आलेली नव्हती. ज्या घराचा महिन्याचा हप्ता त्या म्हशीच्या दुधावर चालतो, त्या घराला म्हैस सोडून निघा असे सांगणे म्हणजे अर्धाच आदेश देणे होय. अमेरिकेत 2005 च्या कॅटरिना वादळात पाळीव प्राण्यांना निवाऱ्यात घेत नव्हते म्हणून कितीतरी माणसे घरातच राहिली, आणि पुढच्याच वर्षी तिथल्या संसदेने स्थलांतराच्या आराखड्यात पाळीव प्राण्यांचाही विचार करण्याचा कायदा केला. तिथे कुत्र्या-मांजरांसाठी जे झाले, ते आपल्याकडे दुभत्या जनावरांसाठी गावोगाव व्हायला कोणाची हरकत असेल, असे मला वाटत नाही.

काही जण यावर म्हणतात, की निदान पंचनाम्यात ‘सूचना मिळूनही स्थलांतर केले नाही’ असा एक रकाना टाकावा आणि त्याप्रमाणे मदत कमी-जास्त करावी. पंचनामे कसे होतात हे ज्याने पाहिले आहे, त्याला ही सूचना ऐकून घाम फुटेल. तो रकाना भरणार कोण? तलाठी, ग्रामसेवक, कृषी सहायक आणि सही करणारे गावातलेच पंच. अमक्याला निरोप पोहोचला होता की नव्हता, याची साक्ष देणारा बहुधा त्याचा बांधकरी किंवा मागच्या पंचायत निवडणुकीतला विरोधक असतो. त्या एका रकान्यात गावकीचे सगळे हिशेब चुकते होतील. आपत्ती व्यवस्थापन कायद्याच्या कलम 61 ने मदत देताना लिंग, जात, समाज, वंश किंवा धर्म यांवरून भेदभाव करायला बंदी घातली आहे. हा रकाना आला की नेमका तोच भेदभाव ‘आदेश पाळला नाही’ या नावाने करता येईल आणि कागदावर तो दिसणारही नाही.

म्हणजे कोणाचीच जबाबदारी नाही का? आहे, आणि ती ठरवायला कायदाही आहे. याच 2005 च्या कायद्याच्या कलम 51 प्रमाणे जिल्हा प्राधिकरणाचा आदेश वाजवी कारणाशिवाय पाळायला नकार देणाऱ्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा दंड होऊ शकतो, आणि त्यामुळे कोणाचा जीव गेला किंवा जिवाला धोका झाला तर ती कैद दोन वर्षांपर्यंत जाते. हे कलम त्या म्हशीवाल्या बाईंसाठी वापरावे असे मला वाटत नाही. त्यांनी आपला स्वतःचाच जीव पणाला लावला होता आणि पोरांना आधी बाहेर काढले होते. ज्याने दुसऱ्याचा जीव पणाला लावला, त्याची गोष्ट वेगळी आहे. बंदोबस्ताचा अडथळा बाजूला सारून पाणी वाहत्या पुलावर प्रवासी भरलेली जीप घालणारा चालक, आणि लहान मुलांना मुद्दाम घरात ठेवून घेणारा बाप, यांच्या बाबतीत मी दयामाया दाखवणार नाही.

यांच्यापेक्षाही मला राग येतो तो एका प्रकारच्या मालकाचा, ज्याची चर्चा लग्नाच्या पंगतीत कधी होत नाही. तो स्वतः शहरात राहतो आणि मळा नदीकाठी असतो. मळ्यातल्या पत्र्याच्या शेडमध्ये सालगडी बायकापोरांसह राहतो. पाणी चढू लागले की मालकाचा फोन येतो, की नदीवरची मोटार काढून वर आण, जनावरे सोडू नकोस, मी सांगेपर्यंत हलू नकोस. सालाची उचल घेतलेला माणूस यावर काय बोलणार? सरकारी नोंदीत मग आदेश न पाळणारा म्हणून सालगडी दिसतो, बोट त्याच्यासाठी जाते, वर्तमानपत्रात छायाचित्र त्याचे येते, आणि ‘आमच्या करातून का’ हे त्याला उद्देशून विचारले जाते. पिकाची आणि जमिनीची मदत मात्र सातबाऱ्यावर ज्याचे नाव आहे, त्याच्या खात्यावर जमा होते. अशा मालकावर कलम 51 लावल्याचे एकही प्रकरण माझ्या पाहण्यात आलेले नाही.