क्रीम म्हणजे क्लॅप्टनच ना? तुम्ही विचारलंत म्हणून

मी क्रीम (साठच्या दशकातला तिघांचा ब्रिटिश रॉक बँड: गिटारवर एरिक क्लॅप्टन, बेसवर जॅक ब्रूस, ड्रमवर जिंजर बेकर) ऐकतोय म्हटलं की पुढचा प्रश्न ठरलेलाच असतो, 'अच्छा, म्हणजे क्लॅप्टन?' आणि नाही हो, जॅक ब्रूससाठी ऐकतो म्हटलं की 'तो कोण? आणि बेस (खालच्या सुरांची गिटार) वाजवणाऱ्याचा फॅन कोण असतं बाबा?' हे इतक्या वेळा झालंय की एकदाचं लिहूनच टाकतो.

क्लॅप्टन मोठाच, त्यात वाद नाही. पण 'व्हाइट रूम' घ्या, 'आय फील फ्री' घ्या, चाली ब्रूसच्या, शब्द पीट ब्राउन नावाच्या कवीचे आणि गातोय कोण तर ब्रूसच. 'सनशाइन ऑफ युअर लव्ह'मध्ये क्लॅप्टनचा हात आहे, मान्य, पण सगळ्यांच्या तोंडात बसलेला तो रिफ, म्हणजे परत परत येणारा सुरांचा तुकडा, ब्रूसला सुचला, १९६७ मध्ये लंडनला गिटारवादक जिमी हेंड्रिक्सचा शो बघून आल्यावर. म्हणजे रॉकमधला सगळ्यात फेमस गिटार रिफ बेसवाल्याच्या डोक्यातून आलाय, आता बोला.

माणूस ग्लासगोजवळच्या बिशपब्रिग्जचा, जन्म १९४३ चा. ग्लासगोच्या संगीत अकादमीत स्कॉलरशिपवर चेलो (व्हायोलिनचाच मोठा, खालच्या सुरांचा भाऊ) आणि कंपोझिशन शिकत होता आणि खर्चासाठी जॅझ बँडमध्ये डबल बेस वाजवायचा, ते अकादमीवाल्यांना काही रुचेना, मग यानेच अकादमी सोडली. माझ्या मते त्याचं सगळं वाजवणं या चेलोतून आलंय. पाश्चात्त्य शास्त्रीय संगीतातला बाख आणि मोटाउन या अमेरिकन रेकॉर्ड कंपनीचा बेसवाला जेम्स जेमरसन, दोघंही त्याचे आवडते, त्यामुळे बेस म्हणजे मागे उभं राहून ठोके मोजणं हे त्याला कधी पटलंच नाही. बेसवर तो दुसरी चाल वाजवायचा, आणि तीही स्वतः वेगळंच काहीतरी गात असताना. कधी करून बघा, जीभ आणि बोटं दोन्ही दगा देतात.

तुम्हाला माझं म्हणणं तपासायचंच असेल तर मार्च १९६८ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या विंटरलँड हॉलला रेकॉर्ड झालेलं 'क्रॉसरोड्स' हेडफोन लावून ऐका. यात गातो क्लॅप्टन आणि सोलोही त्याचाच, सगळे त्यासाठीच ऐकतात, पण एकदा फक्त खालचा आवाज धरा, ब्रूस सोलोला साथ वगैरे करत नाहीये, सरळ वाद घालतोय, आणि जिंजर बेकर त्या दोघांशी ड्रमवर भांडतोय.

भांडणं खरीखुरी पण होती हं. क्रीमच्या आधी दोघं ग्रॅहम बाँडच्या बँडमध्ये असताना बेकरने ब्रूसला काढून टाकलं तरी हा पठ्ठ्या शोला येतच राहिला, शेवटी प्रकरण चाकूपर्यंत गेलं. तरी १९६६ मध्ये क्लॅप्टनने 'ब्रूस हवाच' म्हणून हट्ट धरला आणि क्रीम झालं. नोव्हेंबर १९६८ मध्ये लंडनच्या अल्बर्ट हॉलला शेवटचा शो पण झाला, जेमतेम अडीच वर्षांचा खेळ. आवाज इतका वाढला होता की एकदा आपण मधेच वाजवायचं थांबलो ते या दोघांच्या लक्षातच आलं नाही, असं क्लॅप्टनच सांगतो.

पुढचं थोडक्यात. ड्रमर टोनी विल्यम्सच्या 'लाइफटाइम' या बँडमध्ये गिटारवादक जॉन मॅकलॉफलिनसोबत वाजवलं (हेच ते, ज्यांनी नंतर आपल्या झाकीरभाईंबरोबर 'शक्ती' केलं), अमेरिकन गिटारवादक फ्रँक झाप्पाबरोबर वाजवलं, हेरॉइनने बरीच वर्षं खाल्ली, २००३ मध्ये लिव्हर ट्रान्सप्लांट झालं आणि त्यात जाता जाता वाचला. २००५ मध्ये क्रीम परत अल्बर्ट हॉलला उभं राहिलं, मग न्यूयॉर्कला मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये, आणि तिथे आवाजावरून ब्रूस-बेकरचं परत वाजलं! २०१४ मध्ये 'सिल्व्हर रेल्स' हा अल्बम आला आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये ७१ व्या वर्षी तो गेला.

आणि त्याचं एकट्याचं काय ऐकू असं विचाराल तर १९६९ चा 'साँग्ज फॉर अ टेलर'. पहिल्याच गाण्यात बीटल्सचा जॉर्ज हॅरिसन टोपणनावाने गिटार वाजवतो, पण तुम्ही बेसच ऐका.