४७ नंबरची लाल व्हॅन आली

मागच्या नोंदीत ठरवलं होतं की मॅचबॉक्स या छोट्या धातूच्या खेळण्यातल्या गाड्यांच्या १ ते ७५ नंबरच्या जुन्या मालिकेतल्या, अंगावर जाहिरात असलेल्या व्हॅनच घ्यायच्या. बाकीच्या मोटारींकडे बघायचंसुद्धा नाही. नेम पाळला. चार महिन्यांत तीन व्हॅन घरी आल्या.

पहिली ४७ नंबर, ट्रोजन कंपनीच्या व्हॅनची प्रतिकृती, अंगावर 'ब्रुक बॉण्ड टी'. मॅचबॉक्स बनवणाऱ्या लेस्नी या इंग्लिश कंपनीने ही १९५८ मध्ये काढली. सव्वादोन इंचांची, बोटभर लांब, लालभडक. ब्रुक बॉण्डच्या खऱ्या लाल ट्रोजन गाड्या त्या काळी इंग्लंडमध्ये दुकानोदुकानी चहा पोचवत. लंडनच्या पोरांना रोज रस्त्यावर दिसणारी गाडीच लेस्नीने त्यांच्या खिशात दिली. आमच्याकडे चहा ब्रुक बॉण्डचाच यायचा आणि आजीने त्याचा रिकामा डबा मोहरीसाठी ठेवला होता. दोन वर्षं मी हीच व्हॅन शोधत होतो, त्याचं कारण तो डबा.

माझ्या व्हॅनला करड्या प्लॅस्टिकची चाकं आहेत. त्याआधीच्या गाड्यांना धातूची चाकं असत. गाडी हातात आली की मी रंग बघायच्या आधी ती उलटी करून ॲक्सलची, म्हणजे चाकं जोडणाऱ्या दांडीची, टोकं भिंगाखाली धरतो. जुन्या पद्धतीत टोक चिमटीत दाबून चपटं केलेलं असतं, करंजीची कड दाबावी तसं. पुढच्या काळात टोक ठोकून टाचणीच्या माथ्यासारखं गोल केलेलं दिसतं. चाकं बदलायची तर ही टोकं कापावीच लागतात आणि कापलेलं टोक पुन्हा तसं जमत नाही. ४७ ची चारही टोकं शाबूत आहेत आणि त्यांवर सारखाच काळपटपणा चढलेला आहे. त्या रात्री झोप लागली नाही.

स्वच्छता मात्र तीन दिवस चालली. अक्षरं डिकॅलची, म्हणजे पाण्यावर सोडवून चिकटवलेली. साठ-पासष्ट वर्षांनी त्यांच्या कडा सुटतात. डिकॅलवर फक्त रंगकामाचा कोरडा, मऊ ब्रश फिरवला. बाकी भागावर किंचित ओला कान साफ करायचा कापूस आणि लगेच कोरडं फडकं. पाणी ॲक्सलशी साचलं की गंज धरतो, पावसाळ्यात तर हमखास. धूळ निघाल्यावर उजव्या बाजूला 'टी'चं पहिलं अक्षर अर्धं गेलेलं दिसलं. नवे डिकॅल विकत मिळतात, पण मी लावणार नाही. ते अक्षर कुणा मुलाच्या अंगठ्याखाली झिजलं आहे आणि तो झिजलेला भागही या व्हॅनचाच आहे.

दुसरी २५ नंबर, बेडफर्ड 'डनलॉप', १९५६ ची. गडद निळ्यावर पिवळी अक्षरं. छपरावर रंगाचे टवके आहेत, बाकी उत्तम.

तिसरीने मात्र घात केला. ५९ नंबर, फोर्ड थेम्स 'सिंगर'. आत्याचं सिंगर मशीन अजून चालू आहे, म्हणून ही तिला दाखवायची होती. विकणाऱ्याने 'सगळं मूळ' असं लिहून दिलं होतं. पेटी उघडली तर फिका हिरवा रंग बरोबर, पण डिकॅल आरशासारखे चकचकीत, एकाही कडेला पिवळेपणा नाही. ॲक्सलच्या टोकांवर कानशीचे ताजे ओरखडे. विकणाऱ्याला फोटो पाठवले, उत्तर आलं नाही. मनाला फार लागलं, कारण पैशांपेक्षा विश्वासाने घेतली होती. ती मी वेगळ्या डबीत ठेवली आहे, तळाला 'डिकॅल व चाकं बदललेली' अशी चिठ्ठी लावून. पुढे कुणाच्या हाती गेली तर त्याची फसवणूक होऊ नये. या छंदात नवीन असलेल्या मंडळींनी कधी भेटलो तर ती आणि ४७ शेजारीशेजारी धरून बघावी, दहा मिनिटांत डोळा तयार होतो.

आता शोध ४२ नंबरच्या पिवळ्या 'ईव्हनिंग न्यूज' बेडफर्डचा आणि ६९ नंबरच्या 'नेस्ले' कॉमरचा. १७ नंबरची सामान हलवायची व्हॅन हिरव्या रंगात सहज दिसते, मरून दुर्मीळ, तिचा नाद सध्या नाही. कुणाकडे ४२ असेल, तर विकायची नसली तरी ॲक्सलचे फोटो तेवढे पाठवा. आत्याला खरी ५९ दाखवायची अजून राहिलीच आहे.