अटलांटिस उतरले त्या दुपारी

गुरुवार, २१ जुलै २०११

आज दुपारी ३ वाजून २७ मिनिटांनी अटलांटिस हे अमेरिकेचे अंतराळयान फ्लोरिडातील धावपट्टीवर उतरले. तिकडे अजून उजाडले नव्हते. आमच्या गाळ्यातील संगणकावर चित्र अडकत अडकत येत होते, त्यामुळे चाके टेकल्याचा क्षण माझा हुकलाच. अंधारात दिव्यांच्या रांगा दिसल्या, मग चित्र गोठले, आणि पुन्हा हलू लागले तेव्हा यान निमूट उभे होते. १२ एप्रिल १९८१ रोजी कोलंबियाने सुरू केलेली स्पेस शटलची, म्हणजे पुन्हा पुन्हा वर जाऊन परत येणाऱ्या यानांची, उड्डाणे १३५व्या फेरीनंतर संपली. शेजारच्या टेबलावरच्या सहकाऱ्याने "झालं का तुमचं विमान लँड?" असे विचारले. मी मान हलवली आणि अर्धवट राहिलेले डिलिव्हरी चलान पुरे करायला घेतले.

८ तारखेला ते निघाले तेव्हापासून मी रोज बातमी पाहत होतो. मध्येच १३ तारखेच्या संध्याकाळी झवेरी बाजार, ऑपेरा हाऊस आणि दादर येथे स्फोट झाले, त्यानंतर दोन दिवस वर कोणी फिरते आहे याची मला आठवणही राहिली नाही. आज मात्र लोकलच्या दारात भिजत उभा असताना एकच प्रश्न मनात होता, की हे जे वाटते आहे ते दुःख आहे की सुटका.

घरी आल्यावर कपाटातून आबांचा, हातमागा-यंत्रमागावर धागा वाहून नेणारा धोटा बाहेर काढला. आबा लालबागच्या एका गिरणीत साचेखात्यात, म्हणजे कापड विणणाऱ्या मागांच्या खात्यात, जॉबर (मुकादम) होते. ३० ऑगस्ट १९८३ रोजी चॅलेंजर हे शटल आपला इन्सॅट-१बी उपग्रह घेऊन वर गेले, तेव्हा गिरणी संपाला दीड वर्ष उलटून गेले होते आणि आबा दिवसभर घरीच असत. मी चौदा वर्षांचा होतो, पेपरातली बातमी मोठ्याने वाचून दाखवताना 'शटल' हा शब्द आला आणि आबा म्हणाले, "शटल म्हणजे धोटाच की रे." उभ्या धाग्यांमधून आडवा धागा घेऊन या टोकापासून त्या टोकापर्यंत धावायचे आणि परत यायचे, हे धोट्याचे काम, आणि त्या ये-जा करण्यावरूनच यानाचे नाव पडलेले. आपल्या उपग्रहाला हव्या त्या जागी सोडता यावे म्हणून शटलने पहिल्यांदाच रात्री उड्डाण केले होते. पुढे याच उपग्रहाने टिपलेली ढगांची चित्रे टीव्हीच्या बातम्यांत पाहून आमच्या चाळीत छत्री न्यायची की नाही हे ठरू लागले, आणि तिकडच्या यानाशी आपला काही संबंध आहे असे मला कायमचे वाटू लागले. त्या दिवशी आबांनी त्यांच्याकडची एक कोरी लांब वही मला दिली आणि तिच्यात स्वतःच्या हाताने दोन रकाने आखून दिले: 'गेले' आणि 'आले'.

त्या वहीतली पंचविसावी ओळ २८ जानेवारी १९८६ची आहे. उड्डाणानंतर ७३ सेकंदांत चॅलेंजर नष्ट झाले आणि सात जण गेले. आज मी ज्या गाळ्यात काम करतो तिथे रबरी सील आणि ओ-रिंग विकल्या जातात, म्हणून ती गोष्ट माझ्या हाताला जास्त कळते. यानाला वर ढकलणाऱ्या बूस्टर रॉकेटच्या सांध्यातली रिंग थंडीने ताठरली, दाबाखाली पसरून फट बुजवणे तिला वेळेत जमले नाही आणि जळता वायू बाहेर पडला. भौतिकशास्त्रज्ञ रिचर्ड फाइनमन यांनी चौकशीच्या वेळी रबराचा तुकडा बर्फाच्या पाण्यात बुडवून हेच दाखवले होते. मीही एकदा फ्रीजमधल्या बर्फात रिंग ठेवून, चिमट्यात दाबून, मग सोडून पाहिली आहे. ती मूळ आकारात यायला जो वेळ घेते तो पाहताना अंगावर काटा येतो. आदल्या रात्री इंजिनियर उड्डाण नको म्हणत होते. त्याच वर्षी इन्सॅट-१सी सोबत एक भारतीयही शटलमधून जायचा होता. नागपती भट आणि पी. राधाकृष्णन यांची निवड झालेली होती. ते जाणे कायमचे राहिले.

एकशे तेरावी ओळ १६ जानेवारी २००३ला गेलेल्या कोलंबियाची. १ फेब्रुवारीला, आपल्याकडे संध्याकाळी साडेसातच्या सुमारास, उतरायला सोळा मिनिटे उरलेली असताना ते फुटले. बाहेरच्या टाकीवरचा फोमचा तुकडा उड्डाणाच्या वेळीच डाव्या पंखावर आदळलेला होता. कल्पना चावला गेल्या त्या संध्याकाळी आबा टीव्हीसमोर बसून होते, ते एवढेच म्हणाले, "आता बंद करा म्हणावं."

हे बोलायचा त्यांना अधिकार होता. आमच्या पिढीला माहीत नसते, पण साच्यावरचा धोटा कधी कधी उसळून बाहेर पडतो, आणि त्याच्या दोन्ही टोकांना पोलादी टोप्या असतात. आबांच्या शेजारच्या साच्यावरच्या माणसाचा त्यात एक डोळा गेला होता. धोट्याविना चालणारे साचे जगात आले आहेत, ते आणा आणि हे मोडीत काढा, असे आबा वर्षानुवर्षे सांगत असत. अखेरीस जुने साचे मोडीतच निघाले, वजनावर विकले गेले, पण त्यांच्या जागी नवे आले नाहीत. आबांना कानाने कमी ऐकू येत होते ते त्याच खात्याच्या आवाजाने; तरीही गिरणीच्या फाटकावरून जावे लागू नये म्हणून ते बाजारात जाताना गल्ली फिरून वळसा घेत.

माझे आज तेच झाले आहे. शटल बंद व्हायलाच हवे होते याबद्दल माझ्या मनात शंका नाही. वर्षाला पन्नास फेऱ्यांचे स्वप्न दाखवून बांधलेले यान सर्वांत भरभराटीच्या वर्षी, १९८५मध्ये, नऊ फेऱ्यांपुढे गेले नाही, आणि त्याने चौदा जीव घेतले. कोलंबियानंतर, २००४मध्येच, ते थांबवायचे ठरले होते. पण सात वर्षे मिळूनही दुसरे यान तयार करून मग हे बंद करणे अमेरिकेच्या नासाला जमले नाही, याचा मला राग आहे. या वेळी चारच अंतराळवीर पाठवले, कारण काही बिघडले तर सोडवायला जाईल असे दुसरे शटल उरले नव्हते आणि सर्वांना एकेक करून रशियाच्या सोयुझमधून परतावे लागले असते. यापुढे त्यांना जातानाही सोयुझच आहे. राकेश शर्मा १९८४मध्ये ज्या जातीच्या यानातून गेले तेच, किरकोळ फेरफार झालेले. आता शटलची याने संग्रहालयांत जाणार आहेत. साच्यांच्या मानाने नशीबवानच म्हणायची. पण प्रत्येक यानावर उष्णतेपासून वाचवणाऱ्या चोवीस हजारांच्या आसपास टाइल, जवळजवळ प्रत्येकीचा आकार वेगळा, आणि त्या हाताने बसवणारी, दर फेरीनंतर एकेक तपासणारी माणसे. त्यांतल्या हजारोंची नोकरी या यानाबरोबरच जाते आहे. ते हात कुठल्या काचेमागे ठेवणार?

जेवायला बसायच्या आधी सौ.ने विचारले, "धोटा का काढलात आज?" मी म्हटले, सहज. तिने तो टेबलावरून उचलून कपाटात ठेवला. मग मी वही घेतली आणि १३५व्या ओळीत 'आले'च्या रकान्यात २१ जुलै लिहिले. पंचविसाव्या आणि एकशे तेराव्या ओळीतला तो रकाना तेवढा कोरा आहे. शेवटच्या पानावर खाली आणखी नऊ ओळी शिल्लक राहिल्या; त्यांत काही लिहू नये म्हणून मुलाला बजावून ठेवले आहे.