नागपूरच्या कथा : काम कुठवर आलं

कूलरची कथा पूर्ण झाली. नागपूरच्या महाल भागातलं जुनं घर, दोन भाऊ, वाटणीवरून अबोला. अशी भांडणं गावोगाव असतात. पण इथे नवतपा, म्हणजे मे अखेरचे ते भाजून काढणारे नऊ दिवस, लागला की पारा ४५च्या वर चढतो आणि या घरात कूलर एकच. दुपारी सगळ्यांना त्याच खोलीत आडवं व्हावं लागतं. दोघांना समोरासमोर आणायला मला वेगळा प्रसंग रचावाच लागला नाही, ते काम उन्हानंच केलं. शेवटच्या खर्ड्यात उन्हाची वर्णनं बरीच काढून टाकली आणि कूलरच्या टाकीतलं पाणी तेवढं ठेवलं. पंप कोरडा पडल्याची घरघर दोघांनाही ऐकू येते, दोघंही डोळे मिटून पडलेले, आणि बादली कोण उचलणार यावर सगळी कथा तोललेली. बऱ्याच वेळानं थोरला म्हणतो, "पाणी सरलं ना बे." अबोल्यानंतरचं त्याचं हे पहिलं वाक्य.

तर्री पोहे आणि संत्री घातली की कथा नागपूरची झाली, हे मला पटत नाही. नागपूर काढून तिथे पुणं घातलं आणि गोष्ट जराही अडली नाही, तर गल्ल्यांची नावं कितीही खरी असोत, जागेनं काही केलेलंच नसतं.

आता हातात मारबतीची कथा आहे. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी काळी आणि पिवळी मारबत, म्हणजे इडापिडा घालवायला मिरवायचे मोठे पुतळे, निघते, ते तुम्हाला सांगायला नको. माझा जीव अडकलाय बडग्यांत. महागाई, भ्रष्टाचार, लोकांना जे खुपतं त्याचा पुतळा करून वाजतगाजत मिरवायचा आणि मग जाळायचा! माझ्या कथेतला भाडेकरू घरमालकापुढे कधी मान वर करत नाही, पण बडग्या बनवणाऱ्या पोरांत रात्ररात्र बसतो. कागद चिकटवता चिकटवता पुतळ्याच्या नाकाला ओळखीचा बाक येतो, मिशीला ओळखीची टोकं येतात. पोरं बघतात, बोलत कुणीच नाही. मग इतवारीच्या गर्दीत "घेऊन जा गे मारबत"चा गजर होतो आणि या माणसाचा आवाज सगळ्यांच्या वर जातो. घरमालक गॅलरीत उभा आहे. इथवर लिहून झालंय. संध्याकाळी दोघं एकाच जिन्यात भेटणार, तो प्रसंग राहिलाय, आणि तोच अवघड आहे.

एम्प्रेस मिलची कथा अजून टिपणांतच. जमशेदजी टाटांनी १८७७ मध्ये सुरू केलेल्या त्या गिरणीच्या जागेवर आज मॉल आहे. निवृत्त कामगार नातीबरोबर तिथे येतो आणि चपलांच्या दुकानात उभा राहून तिला गिरणीतलं आपलं खातं दाखवतो. कुणाच्या घरी तिथे काम केलेले आजोबा असतील तर त्यांना माझ्यासाठी विचाराल का? कोणतं खातं कशाला लागून होतं, पाळी सुटल्यावर लोक कुठल्या दारानं बाहेर पडायचे, डबा कुठे बसून खायचे, सगळंच हवंय.