घराचं घराला, दुकानाचं दुकानाला: चालू खात्यासाठी चार खेपा

सांगलीत विश्रामबागला आमच्या घराच्या पुढच्या खोलीत मी बारा वर्षं ब्लाऊज आणि ड्रेस शिवते. दोन मशीन, एक पिको-फॉलचं, मदतीला एक मुलगी. धंदा घरात असला की लोकांना तो धंदा वाटत नाही. रात्री पावणेअकराला बेल वाजायची. सकाळी मिरजेला लग्न, आणि ब्लाऊज दंडात घट्ट होतोय. मी ताटावरून उठायची, हात धुऊन टीप उसवायची, आत सोडलेलं अर्धा इंच कापड मोकळं करायची, पुन्हा टीप मारायची. पैसे सांगितले की, "वहिनी, एवढ्याशा कामाचे पण?"

ही सवय मीच लावली होती. २०१९ च्या पुरात गावभागात पाणी शिरलं तेव्हा ओळखीच्या बायकांसाठी आमचं दार दिवसरात्र उघडं होतं, आणि त्याचा मला आजही अभिमान आहे. पण पूर ओसरला तरी दार तसंच राहिलं. २०२३ ला मुलीचं दहावीचं वर्ष सुरू झालं. ती आतल्या खोलीत कानात कापूस घालून अभ्यासाला बसायची. ते पाहिलं आणि मी ठरवलं.

वेळेचं काम लवकर झालं. दारावर पाटी लावली: सकाळी ११ ते संध्याकाळी ७, सोमवारी बंद. दुसरं सिम घेतलं, त्यावर व्हॉट्सॲप बिझनेस टाकलं. ते फुकट आहे. त्यात कामाची वेळ भरून 'अवे मेसेज' चालू केला की त्यानंतर आलेल्या मेसेजला आपोआप उत्तर जातं. सासूबाई म्हणाल्या, "अगं, माणसं तोडशील अशानं." पहिल्या महिन्यात दोघी-तिघी फिरकल्या नाहीत हे खरं. त्यातली एक दिवाळीला आली, संध्याकाळी सहाला.

अडकलं ते पैशाचं. भिंतीवरचा क्यूआर ह्यांच्या बचत खात्याचा होता. शिलाई तिथं जमा व्हायची आणि किराणा, फी, गॅस सगळं त्यातूनच जायचं. महिन्याला मला काय सुटतं हे मला सांगता यायचं नाही. त्यामुळे जाऊबाईंचे चार ब्लाऊज फुकट शिवताना आपलं काय जातंय तेही कळायचं नाही. शिवाय गिऱ्हाइकं ह्यांना फोन करायची, "भाऊजी, पैसे पाठवलेत, ब्लाऊज झाला का बघा की." म्हणून दुकानाच्या नावानं चालू खातं काढायचं ठरलं. मला वाटलं, दोन दिवसांचं काम असेल.

बँकेचं नाव लिहीत नाही. पहिल्या खेपेला टेबलावरच्या साहेबांनी कागद न बघताच सांगितलं, "गुमास्ता आणा." म्हणजे दुकानाचा सरकारी परवाना. घरी येऊन आपले सरकार पोर्टलवर अर्ज केला. महाराष्ट्रात २०१७ च्या दुकाने कायद्यानं दहापेक्षा कमी कामगार असले तर नोंदणी दाखला मिळत नव्हता. आपण फक्त कळवायचं, फॉर्म एफ भरायचा, आणि फॉर्म जी ही पावती घ्यायची. मी २०२३ चं सांगतेय, तुम्ही अर्ज कराल तेव्हाची मर्यादा पोर्टलवर बघून घ्या. पावती घेऊन दुसऱ्यांदा गेले. साहेबांनी ती उलटीपालटी केली. "ही पावती आहे, परवाना कुठाय?" मी म्हटलं, माझ्याकडे एकच मुलगी कामाला आहे, मला परवाना मिळतच नाही. "मग खातं नाही निघणार ताई." कामगार कार्यालयात जाऊन विचारलं. ते म्हणाले, तुम्हाला हेच मिळतं, दुसरा कागद आम्ही देऊ शकत नाही. एक कार्यालय म्हणतंय आणा, दुसरं म्हणतंय असा कागदच नाही, आणि मधे मी, शिवायच्या कपड्यांचा ढीग मागे टाकून. त्या दिवशी रिक्षात मला रडू आलं.

तिसऱ्या खेपेला उद्यम नोंदणीचं, म्हणजे केंद्र सरकारच्या छोट्या उद्योगांच्या नोंदणीचं, प्रमाणपत्र नेलं. (ती नोंदणी सरकारी साइटवर पूर्ण फुकट होते, आधार आणि पॅनवर. मला एका दुकानात त्यासाठी हजार रुपये सांगितले होते. साइटच्या पत्त्याच्या शेवटी जीओव्ही डॉट इन आहे ना, एवढं बघा.) आता साहेबांना वेगळंच दिसलं. उद्यमवर नावापुढे 'टेलर्स' आणि पावतीवर 'लेडीज टेलर्स'. ही चूक माझी होती. पण ती तिसऱ्या खेपेला सांगायची? पहिल्याच दिवशी कागदांची यादी लिहून दिली असती तर माझे तीन दिवस वाचले असते. हा राग माझा अजून गेलेला नाही.

शेजारच्या अकाउंटंट दादांनी वाट दाखवली. एकट्या मालकाच्या धंद्याचं खातं काढायला कुठले कागद चालतात हे रिझर्व्ह बँकेच्या केवायसीच्या नियमांत लिहिलेलं आहे. यादीतले कुठलेही दोन लागतात, आणि त्या यादीत उद्यम प्रमाणपत्राचं नाव आहे. दोन मिळणं शक्य नाही अशी बँकेची खात्री पटली तर जागेची पडताळणी करून एकावरही खातं काढता येतं. ते पान मी छापून घेतलं, नावाची दुरुस्ती केली आणि चौथ्यांदा टेबल सोडून सरळ मॅनेजर मॅडमकडे गेले. आवाज चढवला नाही. म्हटलं, "मॅडम, खातं देता येत नसेल तर कारण तेवढं लेखी द्या." मॅडमनी पान वाचलं, साहेबांना बोलावलं. दोन दिवसांनी बँकेचा मुलगा घरी येऊन पाटीचा फोटो काढून गेला, आणि पुढच्या आठवड्यात खातं सुरू झालं. पाटी आधी लावली होती ते बरं झालं.

त्या संध्याकाळी मी पेढे आणले. चालू खात्यावर व्याज मिळत नाही, आणि आमच्या शाखेत दहा हजार शिल्लक ठेवावी लागते. ते आधीच विचारून घ्या.

आता दर महिन्याच्या एक तारखेला मी त्या खात्यातून घरखात्यात ठरलेली रक्कम वळवते. बाकीची दुकानाची, अस्तर-रिळं त्यातूनच. निम्मे पैसे आगाऊ घेतल्याशिवाय कापडाला कात्री लावत नाही. नातेवाइकांना शिलाईत सूट देते, फुकट शिवत नाही. जाऊबाईंना हे सांगताना माझी जीभ जड झाली होती. त्या दोन महिने बोलल्या नाहीत. मग नवी पैठणी घेऊन आल्या आणि काही न बोलता आगाऊ पैसे ठेवले. मी पण काही बोलले नाही, माप घेतलं.

एक राहिलं. नवा क्यूआर लावला की जुना त्याच दिवशी फाडून टाका. मी तो मशीनच्या खणात ठेवला, मदतीच्या मुलीनं गर्दीत तोच पुढे केला, आणि पुन्हा महिनाभर शिलाई ह्यांच्या खात्यात. जुन्या गिऱ्हाइकांच्या फोनमध्ये ह्यांचा नंबर सेव्ह असतो, त्या क्यूआर बघतच नाहीत. त्यांना प्रत्येकीला नव्या नंबरवरून मेसेज करावा लागला. एकशे चाळीस मेसेज, सोमवारी बसून.